वाचकांचे प्रश्न : आठ ओळींचे त्रिओले

प्रश्न : फ्रेंच त्रिओले मराठीत लिहून पाहतो आहे. आठ ओळी भरतात, पण कविता पहिल्या ओळीभोवतीच घुटमळते. नियम नीट सांगाल का? अहिराणीत लिहिले तर चालेल?
— एक वाचक, यावल

उत्तर : आठ ओळी आणि दोनच यमके. पहिली ओळ चौथ्या आणि सातव्या जागी जशीच्या तशी येते, दुसरी ओळ आठव्या जागी. म्हणजे नव्याने रचायच्या ओळी फक्त पाचच. तिसरी आणि पाचवी पहिलीशी यमक जुळवतात, सहावी दुसरीशी. फ्रेंचमध्ये बहुधा आठ उच्चारांची ओळ घेतात. आपली अष्टाक्षरी तिथे अगदी चपखल बसते. जोडाक्षर एकच मोजा.

तापीकाठी केळी डोले,
माय जागी रात सारी.
घड जमिनीशी बोले,
तापीकाठी केळी डोले.
चिखलात पाय ओले,
आज पाण्याची गं बारी;
तापीकाठी केळी डोले,
माय जागी रात सारी.

माय का जागी, हे दुसऱ्या ओळीत कळत नाही. लेकरू आजारी असेल, कुणाची वाट पाहणे असेल. पाचवी-सहावी वाचली की ती रातभर केळीला पाणी देते आहे हे उमगते, आणि शेवटची ओळ एक अक्षरही न बदलता वेगळी ऐकू येते. तुमचे घुटमळणे बहुतेक इथेच असावे : सहाव्या ओळीत नवी बातमी नसली की पुनरावृत्ती नुसती भर वाटते.

म्हणून आधी पहिल्या दोन ओळी सातव्या-आठव्या जागी लिहून ठेवा आणि त्यांचा अर्थ पालटेल अशी सहावी शोधा. तिसरी-पाचवी त्यानंतर. पहिली ओळ स्वतःच्या पायावर उभी राहणारी हवी. ‘म्हणून’, ‘तेव्हा’ने सुरू झाली तर एका जागी जुळते, उरलेल्या दोन जागी लटकते. तिच्या यमकाला तीन शब्द लागतात, दुसरीच्या यमकाला दोन. तेव्हा भरपूर जोड्या असलेला शब्द पहिलीच्या शेवटी घ्या. ‘वाऱ्याने-घामाने’ असे नुसत्या प्रत्ययाचे यमक एवढ्या लहान कवितेत फार उघडे पडते.

अहिराणीत जरूर लिहा. फक्त ‘माले, तुले, घरले’ यांतल्या ‘ले’वर यमक टाकू नका. ते हवे तितके मिळते, म्हणूनच कानाला लागत नाही. त्यापेक्षा धातू किंवा नाम ओळीच्या शेवटी आणा.