ट्यूमर मार्करला मराठीत काय म्हणायचं? खूण म्हणा!

प्रश्न आला की रिपोर्टवर 'ट्यूमर मार्कर' (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा पदार्थ) लिहून येते त्याले मराठीत काय म्हणायचं, अन् पीएसए (प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीचा मार्कर) वाढला म्हणजे रक्ताचा कॅन्सर का?

खूण म्हणा. अर्बुद म्हणजे गाठ, ट्यूमर, हा सुश्रुतापासूनचा शब्द आहे, मान्य, पण 'अर्बुदचिन्हक' म्हटलं तर आमच्या काकूले काय समजणार? तिचा सीए १२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पाहतात तो मार्कर) वाढून आला, ३५ च्या आत पाहिजे असतो, अन् दोन दिवसांत पारावर 'रक्ताचा कॅन्सर' झाला! अरे, रक्तात दिसणं ही सप्तमी, रक्ताचा असणं ही षष्ठी, विभक्ती बदलली की रोग बदलते. काकूले शेवटी पोटातला टीबी निघाला, त्यानंही हा मार्कर वाढतो, पण तोवर घरात चूल पेटली नव्हती.

आता खूण. काही पंडित ती फारसी 'खून' म्हणजे रक्त, त्यावरून आली म्हणतात, ते साफ चूक आहे. फारसीतला शेवटचा न मराठीत बहुतेक न च राहिला (दिवाण, निशाण असे काही सोडले तर), जमीन, दुकान, मैदान, अन् खुद्द खून पाहा, मग त्याच खूनचा इथेच ण कुठून येईल? माझं मत, खूण आली संस्कृत 'क्षुण्ण' वरून, म्हणजे तुडवलेलं (अक्षुण्ण मधला तोच). क्ष चा ख, ण्ण चा एक ण होऊन आधीचा उकार लांबला, सगळं नियमात बसते. सकाळी तुरीत जा, ओल्या मातीत खूर उमटलेले, पिकाचे दोन तास म्हणजे ओळी मोडलेल्या, ही पहिली खूण! रोही (नीलगाय) येऊन गेला का शेजाऱ्याचं गोऱ्हं, ते नुसत्या खुरावरून ठरत नाही, धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, माग काढत जावं लागते. मार्करचं अगदी तेच आहे, १९६५ मध्ये गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए नावाचा मार्कर शोधला, पण तो बिडी ओढणाऱ्याचाही थोडा वाढलेला असते. माग काढायचा तो सोनोग्राफीनं, स्कॅननं, अन् पक्कं होते ते तुकडा काढून तपासल्यावर.

अन् आमच्याकडे ण चा न होते, पानी, लोनी, तशी खूणही 'खून'. त्याले अशुद्ध म्हणणाऱ्यांनी एकदा वऱ्हाडात येऊन ऐकावं, 'रक्तातली खून' अन् 'रक्तातला खून', नुसत्या लिंगावरून फरक कळते!

पीएसएचं राहिलंच, तो प्रोस्टेट वयानं वाढली किंवा तिले सूज आली तरी वाढते, रक्ताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध नाही, पण डॉक्टरले दाखवा.