कंपासपेटीतलं ढेकूळ

"मॅडम, बोटांना मिरची चोळली, दोन फटके दिले, कृष्णाची गोष्टसुद्धा सांगून झाली. पोरगी माती खायची थांबत नाही." तिसरीतल्या मुलीची आई सांगत होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) ही तक्रार नवी नाही. कुणाचं मूल पाटीवरची पेन्सिल खातं, कुणाचं भिंतीचे पोपडे.

सुरुवातीला मीच चुकले. घरात नुकतंच बाळ आलेलं, म्हणजे लक्ष वेधून घेण्यासाठी चाललं असणार, असं धरून दोन भेटी घालवल्या. समुपदेशकाला सगळीकडे मनच दिसतं! तिसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवलं आणि विचारलं, "कुठली माती चांगली लागते गं?"

तिने कंपासपेटी उघडली. खोडरबराखाली वहीच्या कागदात गुंडाळलेलं तांबडं ढेकूळ. "बांधावरची नाही, ती कचकचते. संडासामागची भिंत आहे ना, तिची. पाणी पडलं की मस्त वास येतो." मग हळूच, "बर्फ पण आवडतो."

बर्फाचं ऐकलं आणि मी तिची नखं पाहिली. पांढरीफटक. माती, बर्फ, कच्चे तांदूळ यांची अशी ओढ अनेकदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. हिमोग्लोबिन 8.2 निघालं, या वयात निदान 11.5 हवं. शौचाच्या तपासणीत गोल जंतांची आणि अंकुशकृमींची अंडी सापडली.

"पण 10 फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी दिली होती की!" आई म्हणाली. दिली होती, आणि तिने काम केलंही असेल. पण अल्बेंडाझोलची ती 400 मिलिग्रॅमची गोळी पोटातले जंत मारते, संडासामागच्या मातीतली अंडी नाही. गोल जंताची अंडी मातीबरोबर तोंडातून पुन्हा आत जातात. अंकुशकृमी बहुधा अनवाणी तळव्यातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. रक्त कमी झालं की मातीची ओढ वाढते, माती खाल्ली की जंत. यात मिरची काय करणार?

डॉक्टरांनी पुन्हा जंतांचं औषध आणि लोहाचं सिरप दिलं. आईला मी एवढंच म्हटलं, "ताई, सिरपवर चहा देऊ नका, लिंबूपाणी चालेल. पायात चपला हव्यात. आणि माती खाल्ली तर तिने येऊन सांगावं, एवढी तरी भीती कमी करा." लोहाने प्रत्येक मुलाची माती सुटते असं नाही. काहींची सवय मागे उरते, तेव्हा आमचं काम लांबतं. महिना-दोन महिन्यांनीही मूल मातीच शोधत असेल, किंवा त्याच्या बोलण्या-वागण्यात वयाच्या मानाने फरक दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

सहा आठवड्यांनी तिने पुन्हा कंपासपेटी उघडली. ढेकूळ तिथेच होतं, कोपऱ्यात भुगा झालेलं.

"वास घेऊन बघा," ती म्हणाली. "आता काहीच येत नाही."