गरीब मांजर अंगावर धावते तेव्हा
तुमची मांजर एकाएकी अंगावर आली, म्हणून तिला दुष्ट ठरवण्याआधी तिने त्या क्षणी काय पाहिले असेल, याचा विचार करावा; आमच्याकडे धान निघाल्यावर तणसाच्या ढिगावर परका बोका फिरकला की मनी त्याचा राग जवळच्या माणसावर काढते, आणि तो राग कधी कधी कित्येक तास उतरत नाही. अशा वेळी तिला उचलू नये, मारू तर मुळीच नये. अंधाऱ्या खोलीत एकटे सोडावे. तसे कारण नसेल, तर दातदुखी किंवा गळवाचा संशय घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे. घरातली पॅरासिटामॉल मात्र देऊ नये, मांजरीला ती विषच आहे. चावल्यास जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.