अंदमानची तिकिटं थांबतील, पॉलिसी परत करायची मुदत थांबणार नाही

प्रश्न : आम्ही दोघं नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे, यजमान अंबडच्या कारखान्यात आहेत. दोघांचा मिळून ७८ हजार पगार हातात येतो. पाथर्डी फाट्याला घेतलेल्या फ्लॅटवर २४ लाखांचं कर्ज आहे, त्याचा हप्ता २० हजार. घरखर्च आणि सासू-सासऱ्यांची औषधं जाऊन १५ हजार उरतात. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच अंदमानला जायचं ठरवतोय. विमानासकट पाच रात्रींचं पॅकेज १ लाख ३८ हजारांना मिळतंय. गेल्या महिन्यात ३ लाखांची एफडी मोकळी झाली. बँकेतल्या साहेबांनी सुचवलं म्हणून त्यातले १ लाख यजमानांच्या नावे एका गॅरंटीड इन्कम पॉलिसीत भरले. दहा वर्षं दरवर्षी १ लाख भरायचे, मग बाराव्या वर्षाअखेरीपासून दहा वर्षं दरवर्षी १ लाख ८० हजार मिळणार, म्हणजे दरवर्षीची सहल सुटली. पॉलिसी मागच्या आठवड्यात ईमेलवर आली. दुसरा विमा नाही. उरलेल्या एफडीला हात न लावता सहल नो-कॉस्ट ईएमआयवर करावी, की पर्सनल लोन घ्यावं?

उत्तर : ताई, दोन्ही नको. पण तुमच्या पत्रातली तातडीची ओळ सहलीची नाही, 'पॉलिसी मागच्या आठवड्यात आली' ही आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, यालाच फ्री-लूक मुदत म्हणतात. ईमेलवर आलेल्या पॉलिसीलाही हाच नियम आहे आणि दिवस मोजायचे ते ईमेल आल्याच्या तारखेपासून. तुमच्याकडे जेमतेम तीन आठवडे उरलेत.

परत का करायची, ते आकड्यांत पाहू. १० लाख भरून १८ लाख मिळतात, हे ऐकायला छान वाटतं. पण तुमचे पैसे सरासरी बारा वर्षं अडकून राहतात, कारण पहिला हप्ता आज जातो, दहावा नऊ वर्षांनी, आणि परतावा बाराव्या वर्षाअखेरीपासून एकविसाव्या वर्षापर्यंत तुकड्यातुकड्यांनी येतो. बारा वर्षांत १ रुपयाचे १ रुपया ८० पैसे, म्हणजे वर्षाला साधारण ५ टक्के. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. हेच हप्ते त्या दराने वाढले असते, तर त्याच दहा वर्षांत दरवर्षी सव्वादोन लाखांच्या पुढे रक्कम काढता आली असती. गॅरंटी आहे हे खरं, पण ती कमी परताव्याची आहे.

आता 'दरवर्षीची सहल' पाहा. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज १ लाख ३८ हजारांना मिळणारी सहल तेव्हा पावणेतीन लाखांच्या घरात जाईल आणि तुमच्या हातात असतील १ लाख ८० हजार. ज्या स्वप्नावर ही पॉलिसी विकली, ते स्वप्न ती पुरं करत नाही. एफडी मोकळी झालेल्या माणसाला समोर बसवून हे असं विकलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

त्याहून मोठा धोका पुढच्या वर्षीचा आहे. वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला ८,३०० रुपये. सहलीचा बारा महिन्यांचा ईएमआय साडेअकरा हजार. दोन्ही मिळून जवळजवळ २० हजार होतात आणि तुमच्याकडे उरतात १५. दुसरा हप्ता चुकण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत सोडल्या तर भरलेल्या पैशांतला मोठा भाग सोडून द्यावा लागतो. आज परत केलीत तर जेवढे दिवस विमा चालू होता तेवढ्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते.

अर्ज बँकेत नेऊन देऊ नका, थेट विमा कंपनीच्या नाशिकच्या शाखेत द्या. पॉलिसी यजमानांच्या नावावर आहे, म्हणून सही त्यांचीच लागेल. अर्जात पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, 'अटी मान्य नसल्याने फ्री-लूक मुदतीत रद्द करत आहे' एवढं एक वाक्य आणि परताव्यासाठी बँक खात्याचा तपशील लिहा. सोबत रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हाच मजकूर पॉलिसीत नोंदवलेल्या तुमच्या ईमेलवरूनही कंपनीला पाठवा. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत पैसे यायला हवेत. पुढच्या हप्त्यासाठी ऑटो-डेबिट मंजूर केलं असेल तर तेही बंद करा. साहेबांचा फोन येईल, 'दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो' म्हणतील. नको म्हणा. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, मग विमा नियामकाच्या १५५२५५ या हेल्पलाइनवर किंवा त्यांच्याच बिमा भरोसा पोर्टलवर, आणि तरीही अडलं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे.

त्याच आठवड्यात यजमानांसाठी १ कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा साधा विमा, मागवा. तिशीतल्या, तंबाखू-सिगारेट न घेणाऱ्या माणसाला वर्षाला साधारण १२ ते १५ हजार लागतात, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. तुम्ही घेतलेल्या गॅरंटीड इन्कमसारख्या पॉलिसीत विमा बहुतेक वार्षिक हप्त्याच्या दहापट असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १० लाख. २४ लाखांचं कर्ज आणि सासू-सासरे सांभाळायला ते कसे पुरणार? तुमचाही पगार घराला लागतो, तेव्हा तुमच्या नावे निदान ५० लाखांचा घ्या. अर्जात तब्येतीबद्दल काहीही लपवू नका. दावे अडकण्याचं मोठं कारण तेच असतं.

आता सहल. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. पर्सनल लोन १२-१४ टक्क्यांनी घ्यायचं आणि एफडी त्याहून बऱ्याच कमी व्याजावर ठेवायची, यात तोटा तुमचाच. मात्र एफडी अडीअडचणीसाठी लागेल. पॉलिसीचा १ लाख आला की एकूण ३ लाखांच्या, एकेक लाखाच्या तीन वेगळ्या एफडी करा. गरज पडली तर एकच मोडावी लागेल.

दिवाळीचा बेत मात्र बदला. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ असतो. समुद्र खवळला की फेरी बोटी रद्द होतात. जानेवारी ते एप्रिल कोरडा काळ. संक्रांतीनंतर चार दिवस रजा काढता येते का, शाळेत आत्ताच विचारा. तोपर्यंतच्या सहा महिन्यांत दोघांच्या टर्म विम्याचे हप्ते जाऊनही ७० हजारांच्या आसपास साठतील.

पॅकेज न घेता स्वतः बुकिंग केलंत तर १ लाख १० हजारांत भागावं. मुंबईहून दोघांचं जाण्या-येण्याचं विमान ४३ हजार, बेटांमधल्या तिन्ही फेरी बोटी १० हजार, राहणं २० हजार, जेवणखाण १२ हजार, रिक्षा-टॅक्सी-स्कूटर ८ हजार, दोघांचं स्कूबा डायव्हिंग म्हणजे समुद्राखाली बुडी मारणं ८ हजार, नाशिक-मुंबई प्रवास ४ हजार, आणि वरकड ५ हजार. कमी पडणारे ४० हजार एफडीतून घ्या, तीनेक महिन्यांत भरून निघतील.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील. पहिली रात्र तिथे, दोन रात्री हॅवलॉकला म्हणजे स्वराज द्वीपला, एक नील बेटावर, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. फेरी आणि परतीचं विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. बोट रद्द झाली तर विमानाचे पैसेही जातात, आणि स्वस्त पॅकेजमध्ये हीच एक रात्र कापलेली असते. स्कूबानंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या, आणि दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हॅवलॉक-नीलला यूपीआयवर विसंबू नका, दहा हजार रोख जवळ ठेवा. किनाऱ्यावरचं पोवळं उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे.

तिकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून दिवस पहाटेच सुरू करा. सेल्युलर जेलला मात्र पहिल्या दिवशी घाईत उरकू नका. मूळ सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. आपल्या भगूरचे सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची तिकिटं आधी काढून ठेवा.

विमानाचं बुकिंग पॉलिसीचे पैसे खात्यात जमा झाल्यावर करा. त्याआधी, येत्या सोमवारी, शिक्का मारलेली अर्जाची प्रत तुमच्या हातात असायला हवी.