अभ्यास आणि आजूबाजूचे आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. पंख्याच्या घरघरीत तिचा अभ्यास होतो; पण बाहेरच्या खोलीत बारीक आवाजात मालिका लावली, तरी तिची चिडचिड होते. ही सबब समजावी का?

उत्तर : मुळीच नाही. पंख्याची घरघर एकसुरी असल्यामुळे तिच्याकडे लवकरच दुर्लक्ष होते. बोलणे मात्र क्षणोक्षणी बदलते आणि वाचलेले शब्द आपण मनात घोळवत असतो, त्यातच ते लुडबुड करते. 1976 सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात इंग्रजी भाषकांना पाठीमागे जर्मन उतारा ऐकवला, तेव्हा त्यांना दिलेली अक्षरे क्रमाने आठवणे जड गेले; म्हणजे भाषा कळायलाच हवी असेही नाही. अर्थ लावत वाचताना मात्र कळणारी भाषा अधिक नडते आणि मालिकेतले सासू-सुनेचे भांडण तर आपल्याच भाषेत चाललेले असते! अशा बोलण्याचा आवाज निम्मा केल्याने त्रास निम्मा होत नाही, म्हणून टीव्ही ठरावीक वेळ बंदच ठेवावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला; गावाला जे जमले, ते एका घराला जमावे.

प्रश्न : गाणी ऐकत अभ्यास केला तर चालतो का?

उत्तर : वही उतरवताना किंवा आकृत्या रंगवताना चालेल. धडा समजून घेताना शब्द असलेले गाणे टाळावे. वाजवायचेच झाले, तर संथ वाद्यसंगीत त्यातल्या त्यात बरे.

प्रश्न : घर रेल्वेमार्गाला लागून आहे. मुलांना आवाजाची सवय होतेच ना?

उत्तर : कान सरावतात, पण वाचनाचे नुकसान टळतेच असे नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहटनमध्ये उन्नत रेल्वेमार्गालगत असलेल्या एका शाळेत, जिथे दर चार-पाच मिनिटांनी गाडी धडधडत जाई आणि शिक्षकांना शिकवणे थांबवावे लागे, रुळांकडच्या वर्गांतील मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे असल्याचे 1975 मध्ये दिसून आले. सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ वर्षभराचे झाले होते. पुढे रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली आणि 1981 च्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. रूळ तुमच्या हातात नाहीत. अभ्यासाचे टेबल मात्र रुळांपासून सर्वांत दूरच्या खोलीत हलवता येईल, मग त्यासाठी मोठ्यांना आपली झोपण्याची खोली सोडावी लागली तरी.