पॉलिमर, रोपण आणि जिरणारा स्क्रू

गोव्यातल्या फोंड्याच्या एक वाचक अस्थिरोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करत आहेत. विषय: हाडांत बसवण्याच्या वस्तूंसाठी सुधारित पॉलिमर. त्यांनी विचारले आहे की पॉलिमरला ‘बहुवारिक’ म्हणावे की ‘बहुलक’, इम्प्लांटला ‘प्रत्यारोपण’ चालेल का, आणि शरीरात आपोआप नाहीसा होणारा स्क्रू ‘विरघळणारा’ म्हणावा का. सोबत मसुदाही धाडला आहे.

पहिल्याचे उत्तर सोपे. बहुलक हिंदीतला, बहुवारिक आपल्या विश्वकोशातला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो शोभतो. इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या माणसाला त्यात सोमवार-मंगळवारच दिसतील. मूळ शब्द स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३३ मध्ये ग्रीकवरून घडवला, अर्थ ‘अनेक भागांचा’ एवढाच. पॉलिमरच लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘एक प्रकारचे मजबूत प्लॅस्टिक’ असे सांगून मोकळ्या व्हा.

‘प्रत्यारोपण’ मात्र टाळा. वृत्तपत्रे ‘गुडघा प्रत्यारोपण’ सर्रास छापतात, पण एकाचे मूत्रपिंड किंवा यकृत दुसऱ्याला देतात ते प्रत्यारोपण. ‘कोणाचा गुडघा बसवणार?’ असे एखाद्या आजीने विचारले तर तिचे काय चुकले? बाहेरची वस्तू आत बसवणे म्हणजे रोपण. क्रियेला रोपण म्हणा, वस्तूला सरळ इम्प्लांट.

रोपण हा शब्द इथे आणखी एका अर्थाने चपखल बसतो. रोप लावल्यावर त्याने मूळ धरावे लागते, आणि पॉलिमर सुधारण्याची बरीचशी खटपट नेमकी त्यासाठीच चालते. मणक्यांच्या मध्ये किंवा कवटीच्या पट्टीसाठी वापरतात ते पॉलिइथर इथर कीटोन हे पॉलिमर हाडाला अपाय करत नाही, पण हाड त्याला धरतही नाही. म्हणून त्यात हाडातल्या खनिजासारखे हायड्रॉक्सिॲपेटाइट मिसळतात, पृष्ठभाग सच्छिद्र करतात, नाहीतर वरून टायटॅनियमचा पातळ थर देतात. (आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला ‘पीक’ म्हणतात. ‘पीक रोपण’ असे शीर्षक दिलेत तर पत्रक कृषी खात्याकडे जाईल. पूर्ण नाव लिहा.)

याच पदार्थाबद्दल मसुद्यात ‘कडकपणा कमी’ असे आहे. तिथे ‘ताठपणा’ हवा. कडक वस्तूवर ओरखडा सहज उठत नाही, मजबूत वस्तू सहज तुटत नाही, ताठ वस्तू सहज वाकत नाही. इथे प्रश्न वाकण्याचा आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल (ताठपणा मोजण्याचे एकक), हाडाच्या बाहेरच्या घट्ट भागाचा साधारण १५ ते २०, या पॉलिमरचा ३ ते ४. कार्बनचे तंतू घातले की तो हाडाच्या जवळपास आणता येतो. धातू इतका ताठ की सगळा भार तोच पेलतो. शेजारचे हाड रिकामटेकडे बसते आणि विरळ होत जाते. आकडे रुग्णाला नकोत, ‘ताठ’ शब्द मात्र हवा.

आता ‘सुधारित’. बियाणे सुधारित, आवृत्ती सुधारित, पॉलिमरही सुधारित. कशात सुधारणा, ते कळतच नाही. सांध्यातल्या पॉलिमरबाबत उत्तर आहे: झिजण्यात. इंग्लंडमध्ये अस्थिशल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्यात आधी टेफ्लॉन वापरले, ते फार लवकर झिजले. १९६२ पासून त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन घेतले आणि तेच पुढे रुळले. तेही झिजते, पण हळू. झिजून पडलेले कण पेशी गिळतात, दाह होतो, आजूबाजूचे हाड झडते आणि इम्प्लांट सैल होते. म्हणून पुढे किरणांचा मारा करून त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडू लागले, आणि ऑक्सिडीकरण रोखायला उष्णता देऊ लागले किंवा ई जीवनसत्त्व मिसळू लागले. तुम्ही ‘कमी झिजणारे पॉलिथिलीन’ लिहा. फक्त ‘गुडघ्याची झीज’ आधीच रुग्णाच्या तोंडी आहे, तेव्हा तिथे ‘कूर्चेची झीज’ म्हणा (कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण), म्हणजे दोन झिजा एकमेकींत मिसळणार नाहीत.

राहिला स्क्रू. ‘विरघळणारे टाके’ रुळलेत खरे, पण पॉलिलॅक्टिक आम्लाचा स्क्रू विरघळत नाही. शरीरातल्या पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात, लॅक्टिक आम्ल तयार होते आणि शरीर त्याचे शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी करते. यासाठी आपल्याकडे ‘जिरणे’ असताना दुसरीकडे का जावे? अन्न जिरते, पाणी जमिनीत जिरते. कोकणीतही ‘जिरप’ आहेच, त्यामुळे गोव्यात तो कुणाला परका नाही. ‘विरघळणारा’ वाचून चार दिवसांत संपेल असे वाटते. यातल्या काही प्रकारांना वर्षे लागतात. ‘जैवविघटनशील’ कचऱ्याच्या पिशवीवर ठीक. ‘त्याची चांगली जिरली’ची आठवण होईल ही तुमची शंका रास्त, पण स्क्रूवर असा राग कोण काढणार? वाक्य असे करून पाहा: ‘हा स्क्रू भाग जुळून येईपर्यंत पकड देतो आणि मग हळूहळू शरीरात जिरतो, तो काढण्यासाठी सहसा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत नाही.’