सैनिक पणजोबा आणि त्यांच्यामागे राहिलेले घर

प्रश्न : माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते, मूळ गाव पाटण तालुक्यात. पहिल्या महायुद्धात माझे पणजोबा मराठा पलटणीतून बसऱ्याकडे गेले. वेढ्यात उपासमार झाली तरी त्यांनी घोड्याचे मांस खाल्ले नाही, असे आजी सांगत असे. ते तिकडेच वारले असे काही जण म्हणतात, तर परत येऊन दुसरीकडे संसार थाटला, असेही भावकीत बोलले जाते. पणजीने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही; दोन लेकरांना घेऊन ती माहेरी राहिली. घरात चांदीचे एक पदक आणि स्त्री व सिंहाचे चित्र असलेली ब्राँझची मोठी चकती आहे. त्यांच्याविषयी आणि कुटुंबाविषयी अधिक माहिती कशी मिळवावी?
– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : आपल्या घरातील चकती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची असेल आणि तिच्यावर पणजोबांचे नाव असेल, तर भावकीतील वादाचा निकाल तिनेच दिला आहे. अशी चकती महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या जवळच्या नातलगांनाच दिली जात असे. दुसऱ्या संसाराचे किटाळ त्यांच्या नावावरून दूर व्हावे, ही गोष्ट मला उरलेल्या सर्व तपशिलांपेक्षा मोलाची वाटते.

चकतीवर हुद्दा किंवा क्रमांक नसतो. तो पदकाच्या कडेवर असतो. एका बाजूस राजा पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस घोडेस्वार व १९१४ आणि १९१८ ही साले असतील, तर पदक उजेडात तिरके धरून त्याची जाड कड भिंगातून वाचावी. तेथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्या काळी शिपायांचे क्रमांक पलटणीपुरतेच असत, त्यामुळे क्रमांक आणि पलटण दोन्ही उतरवून घ्यावे. पदक चिंच-मीठ लावून मुळीच घासू नये, कारण त्याने अक्षरे झिजतात.

घोड्याच्या मांसाची आठवण आपल्याला थेट आजच्या इराकमधील कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याकडे नेते. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत पुण्याचे सहावे डिव्हिजन तेथे अडकले होते, आणि त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आल्यावर घोडी कापली गेली, पण अनेक हिंदी शिपायांनी धर्म आणि जात यांपायी ते मांस दीर्घकाळ नाकारले. शरणागतीनंतर सुमारे १३ हजार जण तुर्कांचे कैदी झाले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना आजच्या सीरियातील रास-अल-ऐनकडे रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले गेले आणि त्यांत अनेक दगावले. जे वाचले, ते ऑक्टोबर १९१८ च्या युद्धबंदीनंतर सुटले. मांसाची हकिकत अशाच एखाद्या परतलेल्या सोबत्याने गावात आणली असावी. इतर लोक परतत असताना आपल्या पणजीने वाट पाहिली, यात भाबडेपणा नव्हता.

पलटण कळली की राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावर नाव शोधावे. तिकडच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर हिंदी शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, पलटणीगणिक केवळ संख्या लिहिली गेली. नावे नोंदवहीत ठेवली गेली. हा दुजाभाव आजही खुपतो. आपल्याला मात्र ती नोंदवहीच उपयोगी आहे, कारण तिच्यातील काही नोंदींत वडिलांचे, पत्नीचे आणि गावाचे नाव सापडते. इंग्रज कारकुनांनी कानाला पडले तसे लिहिले असल्याने नावाची चार-पाच रूपे घालून पाहावीत.

कुटुंबाचा माग मात्र लष्करी कागदांत फारसा लागत नाही, तो महसुली दप्तरात लागतो. पणजोबांच्या नावावर जमीन असेल, तर त्यांच्या मृत्यूनंतर वारसाचा फेरफार, म्हणजे जमीनधारकाचे नाव बदलल्याची नोंद, झाला असणार. मुलगा लहान असल्यास त्याच्या नावापुढे 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असे लिहून आईचे नाव घातले जाई. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे राहतात. ज्या बाईने घर सावरले, तिचे नाव आपल्याला या तीन अक्षरांपुढे मिळण्याची शक्यता आहे. त्याऐवजी चुलत्याचे नाव 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून लागलेले दिसले, तर पणजी माहेरी का गेली, याचाही थोडा उलगडा होईल.

तलाठ्याकडे जुने फेरफार नसल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. जुना गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असत. पुष्कळ पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारी व्यक्ती बरोबर न्यावी. सुगीनंतर आपल्या घराण्याचे हेळवी, म्हणजे वंशावळ सांगणारे भटके लोक, गावी येत असतील, तर त्यांच्या चोपडीतील कुळाची माहितीही ऐकून लिहून घ्यावी. आणि पणजीच्या माहेरच्या गावाचे कोतवाल बुक अवश्य पाहावे. पहिली बाळंतपणे माहेरी होत असल्याने आपल्या आजोबांच्या जन्माची नोंद, वडिलांच्या नावासह, सासरपेक्षा तेथेच असण्याचा संभव अधिक आहे.